दादांना ऐकू येणारा तीन नंबर

या 'अमानवीय' धाग्यावरचे अनुभव मी दोन वर्षं नुसते वाचतोय. खरं सांगायचं तर निम्मे वाचून हसलोय... पांढरी साडी, वडाचं झाड, मोटारसायकलच्या मागच्या सीटवर आपोआप येऊन बसलेली बाई. राग मानू नका. मी वीजकेंद्रातला ऑपरेटर. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला मीटर असतो आणि मीटर दाखवेल तेच लॉगबुकात चढतं. शिवाय आमचं घर दीक्षा घेतलेलं. आजोबांनी घरातले देव नदीत सोडले त्या दिवसापासून आमच्या दाराला लिंबू-मिरची लागली नाही की कुणी कपाळाला अंगारा लावला नाही. 'अमानवीय' हा शब्द मी दादांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी वापरतोय हे त्यांना कळलं असतं, तर त्यांनी आधी पायताण काढलं असतं.

तरी लिहितोय, कारण मला याचा उलगडा झालेला नाही. इथं कुणाला होत असेल तर बघा.

आमचं गाव पिंपरी पेंढार, तालुका जुन्नर. ओतूर आणि आळेफाट्याच्या मधे, कल्याण-नगर हायवेवर उतरलं की आमची वस्ती पंधरा मिनिटं आत. वीजकेंद्र मात्र गावाकडे नाही. ते घाटाखाली, समुद्राकाठी. नैसर्गिक वायूवर चालतं आणि मुंबईला वीज देतं. नाव सांगत नाही, कारण माझी नोकरी अजून शिल्लक आहे. आमच्या घरापासून तिथं जायचं तर माळशेज घाट उतरून कल्याण, पनवेल करत एसटीने सहज सहा-सात तास मोडतात. हे अंतर लक्षात ठेवा.

ज्यांना गॅस टर्बाइन माहीत नाही त्यांच्यासाठी — विमानाच्या इंजिनाचा थोरला भाऊ समजा. हवा ओढायची, दाबायची, त्यात गॅस पेटवायचा, आणि त्या झोतावर काही टनांचा रोटर मिनिटाला तीन हजार फेरे घेतो. आवाज असा की शेजारचा माणूस ओरडला तरी नुसते ओठ हलताना दिसतात. आम्ही एका मशीनला सेट म्हणतो. सेट ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, की जुनी माणसं म्हणायची 'बसला', आणि परत चालू झाला की 'उठला'.

दादा तिथं बांधकामावर बिगारी म्हणून गेले आणि हेल्पर म्हणून कायम झाले. तीन नंबरचा सेट त्यांच्या डोळ्यांदेखत उभा राहिला. त्याच्या पहिल्या फेऱ्यापासून रिटायर होईपर्यंत ते त्याच्याच आसपास होते. त्यांच्याकडे एक दांडी होती. हातभर लांब पोलादी सळई, एका टोकाला लाकडाचा गोल गट्टू. सळईचं टोक बेअरिंगवर टेकवायचं आणि गट्टू कानामागच्या हाडाला लावायचा. आतमध्ये काही घासत असेल तर हाडाला कळतं. साहेब लोक व्हायब्रेशनचा मीटर लावायचे, दादा दांडी लावायचे, आणि बऱ्याचदा साहेब मीटर लावून झाल्यावर हळूच दादांकडे बघायचे.

पण त्या आवाजाने दादांचे कान गेले. कानात कापसाचे बोळे घालून त्यांनी सगळी उमर काढली. शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमाराला ते रिटायर होऊन गावी आले तेव्हा ठार बहिरे होते. नारायणगावच्या डॉक्टरने कानामागच्या हाडावर तो झणझणणारा चिमटा टेकवून पाहिला. दादा नुसते त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. डॉक्टर मला म्हणाला, "आतली नसच गेलीय. हाडावाटेही ऐकू येणार नाही आता." आम्ही घरात पाटी-पेन्सिल आणली. बोलायचे दादा, आणि आम्ही पाटीवर लिहायचो. कामावर असताना लॉगबुक वाचता यावं म्हणून ते लिहा-वाचायला शिकले होते, ते असं उपयोगाला आलं.

तोवर मीही त्याच वीजकेंद्रात ऑपरेटर म्हणून लागलो होतो. दादांना त्याचा कोण अभिमान. सुट्टीवर घरी गेलो की माझी बॅग खाली टेकायच्या आत विचारायचे, "तीन नंबर कसा हाय?" आई म्हणायची, "बायकूची खुशाली नाय इचारायची, सेटची इचारायची." दादांना ते ऐकूच यायचं नाही, हे त्यांचं एक बरं होतं.

गावात दादांनी नवा उद्योग लावून घेतला. कुणाची विहिरीवरची मोटर कुरकुरली की दांडी घेऊन जायचे आणि बेअरिंग गेलंय की पंखा घासतोय ते अचूक सांगायचे. ऐकू येत नसलं तरी थरथर हाताला कळते, त्यात काही विशेष नाही. विशेष पुढे आहे.

आमच्या अंगणात एक हापसा होता. कधीचाच आटलेला, नुसता लोखंडी सांगाडा. एकदा मी रजेवर घरी होतो. सकाळचे अकरा वाजून गेले होते, मी ओट्यावर कांद्याची रोपं सोडवत बसलेलो. दादा त्या हापशाला दांडी टेकवून, गट्टू कानामागे धरून उभे. मला वाटलं, म्हाताऱ्याला करमत नाही. तेवढ्यात ते वळून म्हणाले,

"तीन नंबर बसला."

मी हसलो. पाटीवर लिहिलं, "तुम्हाला इथून कसं कळलं?"

"ऐकू आलं की. आदी आवाज बारीक झाला, मंग खाली खाली गेला. गॅस कमी पडला आसंल." आणि शांतपणे दांडी पुसून आत गेले. तंबाखूची वेळ झाली होती.

आई आतून म्हणाली, "रोजचंच हाय ते. महिना झाला. बसला म्हंत्यात, उठला म्हंत्यात. म्या कुणाला बोल्ले न्हाई."

ड्युटीवर परत गेलो तेव्हा गंमत म्हणून त्या दिवसाचं लॉगबुक उघडलं. तीन नंबर ट्रिप, अकरा वाजून बारा मिनिटं, कारण — लो गॅस प्रेशर. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले म्हणालो तर ते खोटं होईल. मी म्हणालो, योगायोग. सेट काय, ट्रिप होतच असतात.

पण पुढच्या रजेत आईला सांगून ठेवलं की दादा काही म्हणाले की कॅलेंडरवर वेळ टाकायची. आईचं अक्षर म्हणजे आनंद. तिने 'बसला'साठी ब आणि 'उठला'साठी उ ठरवलं आणि भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ लिहायला लागली. दोन महिन्यांनी मी कॅलेंडरची ती पानं फाडून घेऊन गेलो आणि एका निवांत दुपारी लॉगबुकाशेजारी ठेवून बसलो.

सगळ्या वेळा चुकल्या होत्या. मला केवढं हायसं वाटलं! मग नीट पाहिलं. प्रत्येक वेळ सात मिनिटांनी चुकली होती. प्रत्येक. आमच्या घरचं घड्याळ सात मिनिटं पुढे असतं. नगरची एसटी चुकू नये म्हणून आईनेच ते पुढे करून ठेवलंय. सात मिनिटं वजा केली की एकही नोंद चुकत नव्हती. एक नंबर, दोन नंबर, चार नंबर कितीदा बसले-उठले, त्यांची कॅलेंडरवर नोंद नव्हती. फक्त तीन नंबर.

त्या दुपारी मी चहा न पिताच पाळी संपवली.

आता तुम्ही म्हणाल ते सगळं माझंही म्हणून झालंय. कुणी फोन करत असेल? घरात फोन नव्हता, आणि बहिऱ्या माणसाला फोन करून काय उपयोग. वीज कमी-जास्त झाली की कळत असेल? यातल्या निम्म्या वेळा गावात लोडशेडिंग होतं, तारेत वीजच नव्हती. मी स्वतः हापशाला दांडी लावून पाहिली. मला माझ्याच रक्ताची धकधक ऐकू आली, दुसरं काही नाही. दादांना विचारलं तर त्यांचं उत्तर तयार होतं. "खाली समदा कातळ येकच हाय. आमी सेटचा पाया खंदला तवा काळाच कातळ लागला, आन हिरी खंदल्यावर हितं बी तसलाच लागतो. लोखंडातनं कातळात, कातळातनं लोखंडात. त्यात काय हाय?" चमत्कार म्हटलेलं त्यांना अजिबात खपायचं नाही. वस्तीवरचा एक जण आईला म्हणाला की म्हाताऱ्याला कुणातरी जाणत्याला दाखवा, बाहेरचं काहीतरी आहे. आईने ते दादांना पाटीवर लिहून दाखवलं. दादा तसेच उठले आणि त्याच्या दारात जाऊन अर्धा तास सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं भाषण केलं. त्याने परत नाव काढलं नाही.

पण अण्णाचं तसं नव्हतं. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, भोसरीला कंपनीत सुपरवायझर. माणूस वाईट नाही, उलट आमच्यात जास्त जीव लावणारा तोच. त्याला काळजी वाटायची. तो म्हणायचा, "अरे, बहिरा माणूस लोखंडाला कान लावून उभा राहतो आणि मशीन ऐकू येतं म्हणतो. याला काय म्हणतात तुला माहीत आहे. माझ्या ओळखीचे मेंदूचे डॉक्टर आहेत. दादांना माझ्याकडे नेतो, औषध सुरू करू."

मी त्याच्यापुढे कॅलेंडर आणि लॉगबुकाच्या झेरॉक्स मांडल्या. त्याने कितीतरी वेळ बघितल्या. शेवटी म्हणाला, "मला हे कळत नाही. पण ठीक आहे. जोवर हे जुळतंय तोवर मी दादांना हात लावणार नाही. आणि ज्या दिवशी नाही जुळलं?"

"त्या दिवशी तू म्हणशील तसं," मी म्हणालो.

चार वर्षं जुळत राहिलं. या चार वर्षांत दादांना कुणी काही बोललं नाही, ते सकाळ-दुपार हापशापाशी उभे राहायचे, खुशीत असायचे. गाव सोडून भोसरीच्या दुसऱ्या मजल्यावर जायची त्यांना फार धास्ती होती, हे मला आईने सांगितलं होतं. म्हणून मी प्रत्येक वेळी झेरॉक्स काढून अण्णाला पाठवायचो.

मग आमच्याकडे गॅस कमी पडायला लागला. सगळे सेट चालवायला गॅसच येईना. तीन नंबर सगळ्यात जुना, तेव्हा वरून निर्णय झाला की तो कायमचा बंद. दोन महिन्यांनी त्याचं वरचं कव्हर उघडलं, क्रेनने रोटर उचलला आणि ट्रेलरवर ठेवून पाठवून दिला. कामाच्या परमिटवर आणि गेटपासवर माझीच सही होती. रोटरचा नंबर मीच लिहिला. दादांच्या हाताखाली पंधरा वर्षं फिरलेलं ते धूड ताडपत्रीखाली झाकून गेटबाहेर गेलं, तेव्हा मला रडू आलं. मी घाम पुसतोय असं दाखवलं.

दादांना सांगायचं नाही असं मी ठरवलं. आईलाही नाही सांगितलं. दादा रोज दांडी लावून उभे राहायचे आणि मान हलवत परत यायचे. "येत न्हाई आवाज. काय झालंय?" मी पाटीवर लिहायचो, "दुरुस्ती चालू आहे." ते म्हणायचे, "येवढी दुरुस्ती?" सहा-सात महिने असेच गेले. दादांचं जेवण कमी झालं. भाकरी अर्धी व्हायला लागली. तरी खरं लिहायला हात होईना.

मग ती वैशाख पौर्णिमा आली. बुद्धपौर्णिमेला आम्ही सगळे गावी जमतो. अण्णाही सहकुटुंब आला होता. वंदना झाली होती, खीर चुलीवर होती, घड्याळात दहा चाळीस झालेले. दादा अंगणातून अक्षरशः धावत आले. म्हातारा माणूस, धोतर एका हातात धरलेलं, दुसऱ्या हातात दांडी.

"उठला! तीन नंबर उठला रं! आवाज जरा पातळ झालाय, पर त्योच हाय. त्योच हाय!"

आई लगबगीने पेन शोधायला गेली. दादा हसत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मी पाटावर बसल्या जागी गार पडलो होतो. तिथं सेटच नव्हता. नुसती रिकामी कवटी, वर प्लास्टिक झाकलेली. मीच झाकली होती.

अण्णा माझ्याकडे बघत होता. त्याला माझ्या चेहऱ्यावर सगळं कळलं. तो हळूच म्हणाला, "जुळत नाही ना?"

मी मान हलवली.

दादांनी आमच्या दोघांकडे पाहिलं. माणसाचे कान गेले की डोळे फार चालतात. पाटी उचलून माझ्या हातात दिली. "तूच सांग. तू तिथं असतोस. उठलाय ना?"

मी लिहिलं, "नाही. तीन नंबर काढून टाकला दादा. रोटर गेला. तिथं आता काही नाही."

त्यांनी ते वाचलं. परत वाचलं. तळहाताने पाटी पुसली. म्हणाले, "मंग मला काय ऐकू आलं?" खीर उतू गेली तिकडे आईचं लक्ष गेलं नाही.

चौथ्या दिवशी अण्णा त्यांना भोसरीला घेऊन गेला. दादा वाद न घालता गाडीत बसले. दांडी घेतली नाही, दाराआड उभी करून ठेवली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मी भेटायला गेलो की दादा झोपलेले असायचे, किंवा जागे असून झोपल्यासारखे. वहिनी त्यांचं सगळं मनापासून करायची. अण्णा म्हणायचा, "बघ, आता कसलेही भास होत नाहीत." खरंच होत नव्हते. कसलंच काही होत नव्हतं. आपण बरोबर केलं असं मी स्वतःला रोज सांगायचो. रोज सांगावं लागायचं.

दिवाळीच्या आधी कंपनीने आम्हा तिघा ऑपरेटरांना ट्रेनिंगला गुजरातेतल्या एका गॅसच्या वीजकेंद्रात पाठवलं. तिथला ऑपरेटर हसमुखभाई आम्हाला मशीन दाखवत होता. मोठा दिलखुलास माणूस, तासाला चहा पाजायचा. एका सेटपाशी थांबून कौतुकाने म्हणाला, "ये रोटर महाराष्ट्र से आया है. पुराना माल था, नयी ब्लेड लगाके बिठाया. आवाज थोड़ा पतला है, बाकी मक्खन."

मी म्हणालो, नंबर दाखवा. त्याने फाइल काढली. माझ्याच हातून गेटपासवर लिहिलेला नंबर होता.

मी विचारलं, "पहली बार कब चलाया?" हसमुखभाईने लॉगबुक काढलं. वैशाख पौर्णिमा तिथं कुणाला माहीत नव्हती, तारीख मला पाठ होती. सकाळी दहा तेहतीस. वर सात मिनिटं मिळवा.

दादा कधी 'सेट' ऐकतच नव्हते. ते तो रोटर ऐकत होते... आणि तो जिथं गेला तिथून त्यांना ऐकू येत होता. कातळाचं कारणही संपलं. पाया तुटला होता, राज्य बदललं होतं, मशीनचं बाकी सगळं परकं होतं. आणि माझ्या बापाने त्यावर फक्त एवढंच म्हटलं होतं की आवाज जरा पातळ झालाय.

मी ट्रेनिंग अर्धं टाकून भोसरी गाठली. अण्णाला सगळं सांगितलं, फाइलची झेरॉक्स दाखवली. तो खाली बसला, डोकं धरलं. "मी काय केलं रे," एवढंच म्हणाला. मी म्हणालो, "तू नाही, मी केलं. तू मला विचारलं होतंस." डॉक्टरांना विचारून गोळ्या हळूहळू बंद केल्या आणि दादांना परत गावी आणलं.

घरी आल्यावर पाटी घेऊन त्यांच्यापुढे बसलो. लिहिलं, "उठला होता. गुजरातला. तुम्ही खरं बोलला होता. माझं चुकलं."

दादांनी वाचलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुजं न्हाई चुकलं. लॉगबुकात जे व्हतं तेच तू लिवलंस. म्या बी तेच लिवलं आसतं." मग दाराआडच्या दांडीकडे बघून म्हणाले, "आता काय येत न्हाई ऐकू. गेलं ते."

गोळ्यांनी गेलं, म्हणजे माझ्या मान हलवण्याने गेलं. हे मी कुणाला बोललो नाही, पण माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. मग मी एक नेम धरला. दर दुसऱ्या रविवारी मी घरी जायचो. हायवेवर एसटीतून उतरलो की आधी फाट्यावरच्या बूथवरून हसमुखभाईला फोन. तो बिचारा न कंटाळता सांगायचा, मशीन कशी आहे, लोड किती आहे. घरी गेलो की पाटीवर लिहायचो, "चालू आहे, फुल लोड," किंवा "परवा बसला होता, काल उठला." दादा वाचून मान डोलवायचे. दोन-चार प्रश्न विचारायचे. भाकरी परत पूर्ण झाली. आई म्हणायची, "आता लेकरूच तुमची दांडी झालंय." मला बरं वाटायचं. काहीतरी फेडतोय असं वाटायचं.

असं दीड वर्ष चाललं.

एका रविवारी बूथवरून फोन लागला, पण तिकडे कुणी उचलेना. तीनदा लावला. दुपारचे बारा वाजले होते, ऊन मी म्हणत होतं, म्हटलं चालूच असणार, एरवी असतोच. घरी येऊन पाटीवर लिहिलं, "चालू आहे, फुल लोड."

दादांनी वाचलं. पाटी पुसली, मांडीवर ठेवली. म्हणाले, "फोन न्हाई लागला वाटतं."

मी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"सकाळच्यालाच बसलाय त्यो."

मी पाटी ओढून घेतली आणि लिहिलं, "तुम्हाला ऐकू येतं? कधीपासून?"

त्यांनी आधी आत बघितलं, आई चुलीपाशी होती. मग अगदी हळू आवाजात, बहिऱ्या माणसाला जमेल तितक्या हळू, म्हणाले, "गोळ्या बंद झाल्या तवापास्नं. येतंय की रोज. तुजी आय दुपारची झोपली की मी लावतो दांडी."

मी लिहिलं, "मग बोलला का नाही?"

"परत न्यायचे भोसरीला."

मी लिहायला लागलो की असं कसं होईल, आम्हाला आता माहीत आहे, अण्णा स्वतः... त्यांनी माझा हात धरून थांबवला. "आरं, आज म्हायीत हाय तुमाला. उद्या परत कुटं न्हाई जुळलं तर? माणूस घाबरतो. अन् तू येवढ्या लांबून येतोस, फोन लावतोस, पाटीवर लिवतोस, ते वाचाया बरं वाटायचं मला. म्हनून गप ऱ्हायलो." आणि थोड्या वेळाने, "अण्णाला सांगू नगंस. त्याला वाईट वाटंल."

सोमवारी वीजकेंद्राच्या कॉलनीत हसमुखभाईचा आपणहून फोन आला. "भाई, कल आपका मिस हो गया. सुबह से मशीन ट्रिप था, सब लोग नीचे थे." मी काही विचारलं नव्हतं.

याचं कारण मला आजही माहीत नाही. दोन इंजिनिअर साहेबांना नाव न घेता विचारलं, त्यांनी मी थट्टा करतोय असं समजून चहा मागवला. एक कानाचे डॉक्टर म्हणाले, मेल्या नसेलाही आठवण असते. असेल. पण आठवणीला गुजरातेतली वेळ कशी कळते, ते त्यांना सांगता आलं नाही. दादांना विचारलं असतंत तर ते म्हणाले असते, त्यात काय आहे. अण्णाला मी गेल्या वर्षीच सांगितलं, दादा जाऊन बरीच वर्षं झाल्यावर.

त्या रविवारनंतर मी पाटी घेऊन बसायचं बंद केलं. घरी गेलो की आम्ही दोघं हापशापाशी बसायचो, ते दांडी लावायचे आणि सांगायचे, आज कसा चाललाय, काल कधी बसला होता. दादा गेले तोवर तीन वर्षं ते सांगत होते आणि मी ऐकत होतो. त्यातलं एकही मी हसमुखभाईला फोन करून ताडून पाहिलं नाही.